मंडई संपली, आता झाडू कोण धरणार?

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील गावागावांत मंडईचा दिवस ठरतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, लग्नाच्या बोलण्या होतात. दिवसा दंडार, खडी गंमत आणि रात्री नाटक! अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध आणि त्याच्या आसपासची गावेही याला अपवाद नाहीत. धान कापलेल्या बांधीत मंडप पडतो, वडशाहून नाटक मंडळीची गाडी येते, माणसे तणसावर पांघरूण घेऊन रात्रभर बसतात आणि तांबडे फुटल्यावर घरी जातात.

माणसे उठून गेल्यावर त्या बांधीत काय उरते? थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या पिशव्या आणि असंख्य खर्ऱ्याच्या पन्न्या. वारा सुटला की त्यातले काही बोडीत जाते, काही तलावात जाते. काही तणसात मिसळते आणि तेच तणस पुढे गुरे खातात. उरलेले कोणीतरी झाडून काढतो. हा 'कोणीतरी' कोण असतो? नाटकाच्या जाहिरातीच्या पत्रकावर उद्घाटक असतात, सहउद्घाटक असतात, अध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख पाहुण्यांची तर भली मोठी यादी असते. सकाळी झाडू मारणाऱ्याचे नाव मात्र त्या पत्रकावर कधी छापून येत नाही. कारण त्याची जात आधीच ठरलेली असते!

कलामहोत्सव पर्यावरणपूरक असावेत, सामाजिक जबाबदारीचे असावेत, असे आता सगळेच बोलतात. चांगली गोष्ट आहे. परंतु या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असे समजून बोलले जाते, तिथेच आमचा आक्षेप आहे. कचरा हा पर्यावरणाचा प्रश्न आणि जात हा समाजाचा प्रश्न, अशी वाटणी ज्यांना करता येते त्यांनी कधी कचरा उचललेला नसतो. ज्या महोत्सवाचे मैदान दुसऱ्या दिवशी आरशासारखे लख्ख झाले, पण ते लख्ख करणारे हात पिढ्यान्पिढ्या त्याच वस्तीतून आले, तो महोत्सव आमच्या लेखी स्वच्छ नाही. त्याची घाण फक्त डोळ्यांआड झालेली असते.

हे आम्ही झाडीपट्टीच्या रंगभूमीचा द्वेष म्हणून लिहीत नाही. उलट ही बहुजनांची स्वतःची रंगभूमी आहे, याचा आम्हास अभिमान आहे. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत प्रेक्षक मिळत नाहीत अशी ओरड वर्षानुवर्षे चालू आहे. इकडे मात्र कडाक्याच्या थंडीत हजारो शेतकरी, शेतमजूर, मच्छीमार तिकीट काढून रात्र जागवतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजेच देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचे माहेरघर. गावचे मंडळ कंपनीकडून नाटक ठरवून घेते, तिकिटे विकते, नफा झाला तर गावाचा आणि तोटा झाला तर तोही गावाचाच. कित्येक गावांत समोरची माती खोदून तीच रंगमंचासाठी उंच रचली जाते. सरकारी अनुदानाच्या टेकूशिवाय उभी राहिलेली अशी रंगभूमी देशात फार थोड्या ठिकाणी असेल. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी कुठे आहे हे नकाशात शोधावे लागले असेल. आमच्या माणसांना ते शोधावे लागले नाही.

आणि या रंगभूमीची मुळे तर त्याहून साधी आहेत. दंडारीला नेपथ्य लागत नाही. गावातल्याच माणसांनी गोल धरायचा, वाद्याच्या ठेक्यावर नाचायचे, गायचे, सवाल-जवाब करायचे. खडी गंमत तर नावाप्रमाणेच उभ्याउभ्या होते. सत्यशोधक जलशांना आणि पुढे आंबेडकरी जलशांना काय लागत होते? ढोलकी, डफ, एखादी गॅसबत्ती आणि पेटलेले मन! भीमराव कर्डकांनी, वामनदादा कर्डकांनी गावोगाव जाऊन समाज जागा केला, त्यासाठी डिझेलचे जनरेटर लागले नाहीत की भिंती हादरवणाऱ्या पेट्या लागल्या नाहीत. आज ज्याला परदेशी भाषेतल्या मोठमोठ्या नावांनी गौरवले जाते ती 'निसर्गाला ओझे न होणारी कला' आमच्या पूर्वजांनी गरिबीतून आणि विचारातून निर्माण केली होती. कचरा हा कलेचा भाग कधीच नव्हता. तो बाजाराबरोबर आला.

आता नवेगाव बांधचाच विचार का, हे सांगतो. येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगितले जाते. पाटलाचे नाव परंपरेने लक्षात ठेवले. मातीच्या टोपल्या ज्यांनी डोक्यावर वाहिल्या त्यांची नावे परंपरा विसरली. असो. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काढलेल्या काळावर 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिले आणि हा तलाव मराठी वाचकांच्या घरात पोहोचला. हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षी या तलावावर उतरतात. आणि नेमका त्याच महिन्यांत मंडई आणि नाटकांचा हंगाम असतो! म्हणजे पाखरांच्या विसाव्याचा काळ आणि आपल्या उत्सवाचा काळ एकच आहे.

परंतु हा तलाव केवळ पाखरांचा नाही. तो ढीवर बांधवांच्या पोटाचा आहे. मासे, शिंगाडे, कमळकंद यावर कित्येक चुली पेटतात. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, हजारोंच्या संख्येने आहेत. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजातील महिलांनी आणि मच्छीमार संस्थांनी तलावांत माजलेली बेशरमची झुडपे हातांनी उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे माशांना अन्न आणि निवारा मिळेल आणि पाखरेही परत येतील. ज्या बायांनी कमरेभर पाण्यात उभे राहून तलाव जिवंत केला, त्यांच्याच जाळ्यात उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टिक अडकावे, हा कोणता उत्सव? त्यांना कोणी 'पर्यावरणवादी' म्हणून हारतुरे दिले नाहीत. पण निदान त्यांच्या कामावर घाण तरी टाकू नका!

या प्रश्नावर आज दोन प्रकारची माणसे बोलतात. पहिला प्रकार शहरातून गाडी करून येणाऱ्या निसर्गप्रेमींचा. त्यांना पाखरे दिसतात, माणसे दिसत नाहीत. त्यांचे म्हणणे सोपे असते: नाटके बंद करा, दुकाने हटवा, गर्दी नको. मुरमुरे-भजी विकणारी विधवा, फुगेवाला, उसाच्या कांड्या विकणारा म्हातारा यांना मैदानातून हुसकून लावले की त्यांचे पर्यावरण शुद्ध होते. दुसरा प्रकार आयोजकांचा. ते म्हणतात, एका रात्रीने काय होते? वर्षातून एकदा तर मंडई असते! एका गावाची एक रात्र खरी. पण गावे शेकडो आहेत आणि हंगाम महिनोन्महिने चालतो. आम्हास या दोन्ही बाजू मान्य नाहीत. पहिल्याला गरीब नको आहे आणि दुसऱ्याला जबाबदारी नको आहे.

शिवाय कायदा सर्वांना सारखा असतो काय, हाही प्रश्न आहे. ११ ते १३ मार्च २०१६ या काळात दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानावर आर्ट ऑफ लिव्हिंग संस्थेने विश्व सांस्कृतिक महोत्सव भरवला. नाचगाण्यांचा प्रचंड सोहळा! नदीवर तरंगते पूल बांधायला देशाचे लष्कर कामाला लागले होते. राष्ट्रीय हरित लवादाने ५ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठरवली आणि डिसेंबर २०१७ मध्ये पूरमैदानाच्या नुकसानीस त्या संस्थेला जबाबदार धरले. संस्थेने हे नुकसान झाल्याचे नाकारले. पण सोहळा व्हायचा तो झालाच. मोठ्यांचा महोत्सव आधी होतो आणि हिशेब मागून होतो. लहान गावच्या मंडळाची मात्र परवानगीच्या कागदासाठी कचेऱ्यांत पायपीट होते. ही विषमता सांगितलीच पाहिजे. मात्र ती सांगून आपली सुटका होत नाही. दिल्लीने यमुना घाण केली म्हणून आपण बांध घाण करावा, असा युक्तिवाद करणे म्हणजे शोषकाचे अनुकरण करणे होय.

कायदा काय सांगतो ते पाहू. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी शंभरपेक्षा अधिक माणसांचा कार्यक्रम घेणाऱ्याने स्थानिक संस्थेला आधी कळवावे आणि कचरा जागेवरच वेगळा करून सुपूर्द करण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, असे बंधन घातले. म्हणजे कचरा ही आयोजकाची जबाबदारी आहे, गावाच्या कडेच्या वस्तीची नव्हे! महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदीची अधिसूचना काढली; १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. कायदे आहेत. नाही ते मन. कारण आपल्या मनात एक पक्की खात्री बसलेली असते की टाकणारा मी आणि उचलणारा दुसरा.

ही खात्री कुठून आली? बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे. घाण करण्याचा हक्क वरच्याला आणि घाण काढण्याचे कर्तव्य खालच्याला, हे तिचे रोजचे रूप. त्यामुळेच या देशात सुशिक्षित माणूसही केळीचे साल सहज रस्त्यावर टाकतो. त्याला माहीत असते, उचलायला एक जात ठेवलेली आहे. जोपर्यंत ही खात्री मोडत नाही तोपर्यंत 'स्वच्छता राखा' असे फलक कितीही लावा, ते फलकच उद्याचा कचरा होतील.

पाण्याच्या बाबतीत तर आम्ही अधिक कठोर बोलणार. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्यासाठी आमच्या माणसांनी डोकी फोडून घेतली. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हा त्या लढ्याचा अर्थ. ज्या पाण्यावर हक्क सांगायचा ते पाणी राखण्याची जबाबदारीही मग सर्वांची असते. तलाव नासला तर ज्याच्या अंगणात बोअर आहे त्याचे काही बिघडत नाही. ज्याची भाकर तलावात आहे त्याची चूल विझते. म्हणून तलावात घाण टाकणे हा आमच्या दृष्टीने नुसता अस्वच्छपणा नाही, तो दुर्बलाच्या हक्कावरचा हल्ला आहे.

उत्सवाची चिकित्सा करणे म्हणजे परक्यांचे अनुकरण, असे कोणी म्हणेल. त्यांनी सम्राट अशोकाकडे पाहावे. आपल्या पहिल्या शिलालेखात अशोकाने 'समाज' म्हणजे त्या काळच्या जत्रा-मेळाव्यांवर टीका केली आहे. त्यांत राजाला अनेक दोष दिसतात, असे तो सांगतो. पण काही प्रकारचे मेळावे चांगले असतात, हेही तो त्याच ठिकाणी नोंदवतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाने उत्सवाला सरसकट शिव्या दिल्या नाहीत की सरसकट डोक्यावरही घेतले नाही. आपल्याच झाडीपट्टीत, नागभीडजवळच्या देवटेक येथे एक ब्राह्मी शिलालेख सापडला. त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे आणि डॉ. वा. वि. मिराशी यांनी तिचा संबंध अशोकाच्या काळाशी जोडला. तथागतांच्या विनयात तर भिक्खूंना हिरवळीवर आणि पाण्यात थुंकण्याचीही मनाई आहे. खर्रा चघळत तलावात पिचकारी मारणाऱ्यांनी हे कानाआड करू नये.

मंडईबरोबर शंकरपटही येतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. परवानगी मिळाली ती अटींसह, हे शब्द मात्र मैदानात ऐकू येत नाहीत. ज्या बैलाने वर्षभर चिखल तुडवला त्याला आरीने टोचून धावडवण्याला करमणूक म्हणायचे असेल, तर अशोकाने दोष दाखवले ते कशाला?

मग करायचे काय? नुसते उपदेश आम्हास आवडत नाहीत, म्हणून सरळ सांगतो.

पहिली गोष्ट ताटाची. आपल्या जंगलात पळस आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्या आयाबहिणी लावत आल्या. शहरातून थर्माकोल आणण्यापेक्षा गावातल्या बचत गटाकडून पत्रावळी घ्या. पैसा गावात राहील, पत्रावळ मातीत जाईल. पाण्यासाठी माठ आणि स्टीलचे पेले ठेवा. बचत गटाने भांडी घेऊन ती भाड्याने द्यावीत. ज्या मंडळाने घेतली त्याने धुवून परत करावीत. हे अशक्य नाही. केरळने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत आणि पुढे शाळकरी मुलांच्या राज्यव्यापी कलोत्सवातही फेकाऊ वस्तूंना फाटा देणारी शिस्त आणली. केरळची मुले करू शकतात, तर झाडीपट्टीची तरुण मंडळे का नाही? खर्रा विकणाऱ्याला हाकलू नका. पण पन्नी मंडपात येणार नाही, हे त्याला आधी सांगा. खर्रा सुटला तर उत्तमच, तोंडाचा कर्करोग जात पाहून येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आणि आपली नाटके तर पहाटेपर्यंत चालतात! यावर 'नाटक मध्यरात्री संपवा' असे म्हणणारा माणूस जंगलाच्या वाटेने रात्री कधी चालला नसावा. २०२३ साली या व्याघ्र प्रकल्पात ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या. अस्वल, बिबटे तर होतेच. मध्यरात्री हजार माणसे अंधाऱ्या रस्त्यावर सोडणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे. प्रेक्षक पहाटेपर्यंत थांबतात ते केवळ हौसेने नव्हे, उजाडल्याशिवाय जाता येत नाही म्हणूनही. तेव्हा आमची सूचना अशी: नाटक दिवेलागणीलाच सुरू करा. परवानगी असेल तोवर ध्वनिक्षेपक वापरा, तोही लहान, तलावाकडे आणि जंगलाकडे पाठ करून. त्यानंतर पहाटेपर्यंत माईकशिवाय दंडार आणि खडी गंमत होऊ द्या. कायदा पाळला जाईल, पाखरांना विसावा मिळेल, माणसे मंडपात सुरक्षित राहतील आणि जी कला पेट्यांच्या आवाजाखाली मरत चालली आहे तिला दरवर्षी हक्काची रात्र आणि दंडारीच्या कलावंतांना बिदागी मिळेल.

तिसरी गोष्ट बायांची. रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकांत निम्म्या बाया असतील, तर त्यांच्यासाठी मुतारी किती? कलावंत स्त्रियांना कपडे बदलायला चार ताडपत्र्यांचा आडोसा आणि त्याला भोके पाडणारी टवाळ पोरे, हे चित्र बदलले पाहिजे. 'हंगामा'च्या नावाखाली जिथे स्त्रीला विवस्त्र नाचवले जाते तिथे बदनामी नाचणारीची होते. तिला पैशाची आशा दाखवून आणणारा आणि समोर नोटा उधळणारा मात्र प्रतिष्ठित राहतो. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ साली झाला. रंगमंच हेही कामाचे ठिकाण आहे, हे मंडळांनी आणि कंपन्यांनी ध्यानात घ्यावे. झेंडीमुंडी आणि दारूचे गुत्ते मंडईच्या आडोशाने चालतात, त्यांचा हिशेबही शेवटी घरच्या बाईलाच द्यावा लागतो.

चौथी गोष्ट श्रमाची. नाटकात राजाचे काम करणारा कलावंत, ऑर्गनवर बसणारा, पडदा ओढणारा, मंडप घालणारा, गाडी चालवणारा, हे सगळे हंगामी मजूर आहेत. रात्रीचे ठरलेले पैसे हंगाम संपेपर्यंत थकत असतील तर ती कलासेवा नव्हे, वेठबिगारी आहे. २०२० साली कोरोनाने मंडप रिकामे केले तेव्हा किती कलावंतांना शेतमजुरीला जावे लागले, हे झाडीपट्टीने पाहिले आहे. करार लेखी असावा, प्रवासाचा आणि अपघाताचा विमा असावा. रात्री नाटक करून पहाटे शंभर किलोमीटर दुसऱ्या गावी जाणाऱ्या गाडीतला चालक माणूसच असतो.

पाचवी गोष्ट मानाची. उत्सवात कोण पुढे बसतो, कोणाच्या वस्तीतून मिरवणूक जात नाही, कोणाची कला 'मुख्य कार्यक्रम' आणि कोणाची 'स्वागताला', यातच जात कळते. चेन्नईत टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीताच्या गायकाने आणि पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन यांनी २०१५ साली ऊरूर ऑल्कॉट कुप्पम या मच्छीमार वस्तीतच वस्तीच्या लोकांबरोबर कलामहोत्सव सुरू केला. वरच्या जातींच्या सभागृहात कोंडलेले संगीत समुद्रकाठच्या कोळ्यांच्या अंगणात आले आणि दलितांचे पराई वाद्य त्याच महोत्सवात मानाने वाजले. आपल्याकडे ढीवरांची वस्ती तलावाच्या काठीच आहे. मग मंडपाचा नारळ फोडायला दरवेळी तालुक्याचा पुढारीच का? तलाव राखणाऱ्या बाईच्या हातून उद्घाटन का नको?

आता आपल्याच घरात डोकावू, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. १४ एप्रिलला आपल्या मिरवणुकीत वाजणाऱ्या पेट्यांनी म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते, हे खोटे आहे काय? बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला, त्यांच्या जयंतीला अभ्यासाला बसलेल्या पोराला कान झाकावे लागतात! धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला येणाऱ्या लाखो बांधवांसाठी ठिकठिकाणी भोजनदान होते. ते दान थोर आहे, पण फेकलेल्या ताटांचा ढीग उचलणाराही बहुधा आपलाच बांधव असतो. त्याला आपण दानात धरले का? बुद्ध-भीमगीतांच्या रात्री विदर्भात गावोगाव होतात. पळसाच्या पत्रावळीची, लहान आवाजाची, हिशेब चोख ठेवण्याची सुरुवात आपण आपल्या मंडपापासून केली तर मंडईच्या मंडपात बोलायला आपल्याला तोंड राहील. परिवर्तनाची भाषा करणाऱ्यांनी परिवर्तनाचा पहिला झाडू स्वतः हाती घ्यायला हवा.

शेवटी एकच मागणी. नवेगाव बांध परिसरातील प्रत्येक मंडळाने पुढील मंडईच्या पहिल्या बैठकीत, नाटक कोणते आणि उद्घाटक कोण हे ठरवण्याआधी, एक ठराव लिहून घ्यावा: नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षापासून सदस्यापर्यंत सर्व पदाधिकारी, कोणत्याही जातीचे असोत, स्वतः मैदान झाडतील. ज्यांना मजुरीवर बोलवावे लागेल त्यांना हातमोजे, ठरलेली मजुरी आणि ती त्याच दिवशी रोख मिळेल. झाडणाऱ्यांची नावे पाहुण्यांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात पत्रकावर छापली जातील. जमाखर्च, त्यात मजुरी किती, कलावंतांना किती, कचऱ्यावर किती, हे सर्व ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल.

पाटील, पुढारी, पाहुणे आणि पदाधिकारी जेव्हा एका रांगेत वाकून खर्ऱ्याची पन्नी उचलतील, तेव्हा पुढच्या वर्षी पन्नी टाकताना प्रत्येकाचा हात थबकेल. कारण मग उचलणारा 'दुसरा' उरलेला नसेल.